लस वॉर्डापर्यंत येऊ द्या: रुग्णालय व्यवस्थापनाला एका परिचारिकेचं खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळ,
तसेच संसर्ग नियंत्रण समितीच्या सर्व सदस्यांना,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर एक परिपत्रक लागलं. सगळं मिळून पाच ओळी. यंदा कर्मचाऱ्यांसाठी फ्लूच्या लसीकरणाची वेगळी मोहीम घेतली जाणार नाही. ज्यांना लस हवी असेल त्यांनी दुपारी २ ते ४ या वेळेत कर्मचारी आरोग्य कक्षात जाऊन ती घ्यावी. गेल्या वर्षीचा ‘कर्मचाऱ्यांचा अत्यल्प प्रतिसाद’ पाहता हा निर्णय घेण्यात येत आहे. खाली सही आणि शिक्का.

रात्रपाळी आटोपून घरी निघाले होते, तेव्हा मी ते वाचलं. चार पावलं पुढे गेले आणि मागे येऊन पुन्हा वाचलं. ‘अत्यल्प प्रतिसाद’ याचा सरळ अर्थ असा, की आपण लस देऊ केली आणि आम्ही ती घेतली नाही. मी या रुग्णालयात २१ वर्षं परिचारिका आहे, त्यातली शेवटची ११ वर्षं डायलिसिस विभागात. आम्ही लस नाकारलेली नाही. लस आमच्यापर्यंत पोचलेली नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

हेच मी आधी दोनदा लेखी कळवलं होतं. अर्जाची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण कुणाची बदनामी करण्यासाठी हे पत्र नाही. शिवाय दुसऱ्या रुग्णालयांतल्या माझ्या मैत्रिणी हे वाचतील तेव्हा त्यांना हे परिपत्रक आपल्याच फलकावरचं वाटेल, याची मला खात्री आहे. आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीही हे वाचावं असं मला वाटतं. आमच्यासमोर खुर्चीत जो बसतो तो त्यांचा माणूस असतो.

आधी माझं सांगते.

नोकरीची पहिली १३ वर्षं मी ही लस एकदाही घेतली नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर धड उत्तर देता आलं नसतं. आपल्याला कुठे फ्लू होतो, अशी एक समजूत होती. आठ वर्षांपूर्वी, हंगामाच्या ऐन भरात, एके सकाळी घसा खवखवत होता आणि अंग मोडून आलं होतं. विभागातल्या दोघी आधीच आजारी रजेवर होत्या. मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि ड्यूटीवर गेले. मास्क लावला होता. पण आठ तासांत तो किती वेळा हनुवटीवर आला, हे मीही सांगू शकणार नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्याशी बोलताना तर तो खाली घ्यावाच लागतो. त्या रात्री मला १०२ ताप भरला.

तीन दिवसांनी आमच्या नेहमीच्या रुग्णांपैकी एक आजोबा कुडकुडतच विभागात आले. आठवड्यातून तीनदा यायचे. त्यांच्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी हातावर जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीला, सुई मीच लावावी, असा त्यांचा आग्रह असायचा. फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह आली. मग न्यूमोनिया झाला, मग अतिदक्षता विभाग, आणि अकराव्या दिवशी ते गेले.

त्यांना फ्लू माझ्याकडूनच झाला, असं कुणी सिद्ध करू शकत नाही. त्यांच्या घरात नातवंडं होती, प्रतीक्षा कक्षात चाळीस माणसं खोकत होती. पण तो माझ्याकडून झाला नाही, असंही मला कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या पत्नीने जाताना माझे दोन्ही हात धरून माझे आभार मानले. त्या वर्षापासून मी एकदाही लस चुकवलेली नाही, आणि हा विषय निघाला की मला गप्पही बसवत नाही.

आजारपण लपवून कामावर येणारी मी एकटी नव्हते, आणि पुष्कळांना आपण आजारी आहोत हे कळतही नाही. हा भाग मंडळातल्या जे डॉक्टर नाहीत अशा सदस्यांसाठी लिहिते, कारण खर्चाची सही त्यांची असते. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण दोन दिवसांनी लक्षणं दिसतात, आणि ती दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो इतरांना देऊ लागतो. म्हणजे ‘ताप आला तर घरी थांबा’ ही सूचना कितीही पाळली तरी एक दिवस उशिराच पाळली जाते. ग्लासगोच्या चार रुग्णालयांत १९९३-९४ च्या हंगामानंतर ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. त्यांतल्या १२० जणांना त्या हिवाळ्यात फ्लूचा संसर्ग होऊन गेल्याचं रक्तात दिसलं. आणि त्या १२० पैकी निम्म्याहून अधिक जणांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवतच नव्हतं. २८ टक्क्यांना तर साधी सर्दीसुद्धा आठवत नव्हती. ही माणसं त्या काळात कामावर होती. रुग्णांना उठवत होती, पुसत होती, भरवत होती.

आता आमचा विभाग डोळ्यांसमोर आणा. एका हॉलमध्ये ओळीने खुर्च्या, प्रत्येकीत किमान चार तास बसून राहणारा माणूस. त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, कारण तो यंत्राला जोडलेला आहे. १९७७ साली अलास्कात एक विमान बिघाडामुळे जमिनीवरच अडकून पडलं होतं. आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा काही तास बंद होती आणि ५४ जणांत एक प्रवासी फ्लूने आजारी होता. तीन दिवसांत ७२ टक्के लोक आजारी पडले. आमच्या हॉलमध्ये हवा खेळती असते, हे मान्य. पण ते प्रवासी बहुतेक धडधाकट होते, आणि आमची माणसं मूत्रपिंडं गेलेली, मधुमेहाची, हृदयाला स्टेंट घातलेली असतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि फ्लू कुणाच्या लक्षात राहत नाही.

‘मग रुग्णांनाच लस द्या’, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. देतोच. पण ज्याची प्रतिकारशक्ती मुळात खचलेली आहे त्याच्या शरीरात लशीलाही कमी दाद मिळते. केमोथेरपीवरचा रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण, ऐंशी वर्षांच्या आजी, या सगळ्यांचं असंच आहे. आणि नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळाला तर ही लस देताच येत नाही, ती सहा महिन्यांनंतरच देतात. ज्यांना लस पुरेशी लागू पडत नाही किंवा देताच येत नाही, त्यांच्याभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांनी ती घ्यायची असते. जागतिक आरोग्य संघटना आरोग्य कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी प्राधान्याच्या गटात धरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

लस रामबाण आहे असं मी म्हणणार नाही. लशीतले विषाणू त्या हंगामातल्या विषाणूंशी नीट जुळले तर डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. काही वर्षी जुळत नाहीत, तेव्हा त्याहून कमी. ही अर्धीमुर्धी ढाल आहे, हे मान्य करूनच मी ती मागते आहे. हात धुण्यानेही सगळे संसर्ग थांबत नाहीत. तरी आपण बेसिन काढून टाकलेलं नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार वेळेची आणि जागेची. दुपारी २ ते ४. ही वेळ कुणी ठरवली, ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. दोन वाजता सकाळपाळी संपते आणि हँडओव्हर सुरू होतो. तो अडीचच्या आत संपला तर नशीब. दुपारपाळीवाल्या दोनला येतात आणि आल्या आल्या औषधांच्या फेरीला लागतात. डायलिसिसमध्ये त्याच सुमारास सकाळचे रुग्ण उतरवून दुसरी बॅच यंत्रावर घेतो. दिवसभरात तोच तास असा असतो की बाथरूमलाही जाता येत नाही. रात्रपाळीवाल्या त्या वेळी घरी झोपलेल्या असतात. अतिदक्षता विभागातली सिस्टर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सोडून पलीकडच्या इमारतीत जाऊ शकत नाही, आणि तिने जावं असं आपणही म्हणणार नाही. मग २ ते ४ ही वेळ कुणाच्या सोयीची? ज्यांची ड्यूटी दहा ते पाच असते त्यांच्या. म्हणजे कार्यालयाच्या.

गेल्या वर्षी तर मोहीम होती ना, असं आपण म्हणाल. होती. तीन दिवस, सकाळी १० ते १, सभागृहात. मी दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून अडीच तास थांबले. माझ्या पुढे दोन निवासी डॉक्टर होते. त्यांना फोन आला आणि ते रांग सोडून पळाले, पुन्हा आले नाहीत. साडेअकराला लस संपली. ‘उद्या या’, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, तरी मी आले, कारण माझ्या मागे ते आजोबा आहेत. बाकीच्या का आल्या नसतील हे मी समजू शकते. रांगेतून परत गेलेल्यांची कुठे नोंद झाली का? झाली नसेल, तर ती सगळी माणसं आपल्या ‘अत्यल्प प्रतिसादा’त मोजली गेली आहेत.

लस लोकांपर्यंत नेल्याने काय होतं, याचे आकडे आहेत. स्कॉटलंडमध्ये १९९६-९७ च्या हिवाळ्यात वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या २० रुग्णालयांत एक चाचणी झाली. निम्म्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस पद्धतशीरपणे देऊ केली, उरलेल्यांत केली नाही. जिथं देऊ केली तिथं ५०.९ टक्के कर्मचाऱ्यांनी घेतली. जिथं देऊ केली नाही तिथं ४.९ टक्क्यांनी. तोच पेशा, तेच काम, तोच हिवाळा. त्या अभ्यासातला रुग्णांच्या मृत्यूंचा फरकही मोठा होता, लस देऊ केली तिथं १३.६ टक्के आणि केली नाही तिथं २२.४ टक्के. पण तो सगळा फरक लशीमुळेच, असं म्हणायला पुरावा अपुरा असल्याचं नंतरच्या परीक्षकांनी दाखवून दिलं आहे, म्हणून त्यावर मी भर देत नाही. माझा भर त्या पहिल्या दोन आकड्यांवर आहे. आपल्याकडचं परिपत्रक आपल्याला ५०.९ कडून ४.९ कडे घेऊन चाललं आहे.

दुसरी तक्रार यादीची. गेल्या वर्षी सभागृहाच्या दारात कर्मचाऱ्यांची यादी घेऊन एक लिपिक बसले होते. आमच्या विभागातल्या मावशी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांचं नाव यादीत नव्हतं, कारण त्या कंत्राटदाराकडून आलेल्या. त्या परत गेल्या, आणि वाटेत मला म्हणाल्या, “राहू द्या सिस्टर, आपल्याला कुठं काय होतंय.” रुग्णाला चादरीसकट उचलताना त्यांचा चेहरा रुग्णाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. माझ्यापेक्षा जवळ, आणि मोठ्या डॉक्टरांपेक्षा तर कितीतरी जवळ. सफाई कामगार, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचे चालक, नोंदणीच्या खिडकीवरच्या मुली, रक्त घ्यायला येणारे तंत्रज्ञ, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, यांतलं कुणीही त्या यादीत नव्हतं. पगार कुणाच्या खात्यातून निघतो यावर कोण रुग्णाजवळ जातं हे ठरत नाही.

तिसरी तक्रार जरा वेगळी आहे, आणि तिच्यात आम्हीही थोड्या दोषी आहोत. लशीबद्दल आमच्यात गैरसमज आहेत. परिचारिकांना सगळं माहीत असतं, असं धरून चाललं जातं. तसं नाही. शिकताना आम्ही फ्लूच्या लशीवर एक परिच्छेद वाचलेला असतो. त्यानंतर जे ऐकतो ते चेंजिंग रूममध्ये.

‘लस घेतली आणि मला फ्लूच झाला’, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. टोचायची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून किंवा त्याच्या नुसत्या एका प्रथिनापासून बनवतात. तिने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग कसकसतं, थोडा ताप येऊ शकतो, ती शरीराची तयारी असते. पण पूर्ण संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि हंगाम सुरू झाल्यावर लस घेतली तर त्या दोन आठवड्यांत खराखुरा फ्लू गाठू शकतो. म्हणजे तिचं म्हणणं खोटं नसतं, कारण चुकीचं असतं. हे कुणीतरी शेजारी बसून, तिचं ऐकून घेऊन सांगायला हवं. गेल्या वर्षी आपण भित्तिपत्रक लावलं. हसरी परिचारिका, हातावर बँडेज, खाली ‘स्वतःचे रक्षण करा’.

आमच्या एका धाकट्या सहकारी सिस्टरला पाचवा महिना होता. तिला तीन जणींनी तीन गोष्टी सांगितल्या आणि शेवटी तिने लस घेतली नाही. वास्तविक निष्क्रिय लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात देतात, आणि आईच्या शरीरात तयार झालेलं संरक्षण बाळालाही पहिले काही महिने मिळतं, म्हणजे नेमकं ज्या वयात बाळाला लस देता येत नाही त्या वयात. तिला हे कळलं तेव्हा तिची प्रसूती रजा सुरू झाली होती. एकीला लहानपणापासून अंड्याची ॲलर्जी. ती दरवर्षी त्याच कारणाने बाजूला राहते. पूर्वी ही काळजी घेत असत, आता अंड्याच्या ॲलर्जीसाठी फ्लूची लस टाळायला सांगत नाहीत. लशीतल्याच एखाद्या घटकाची आधी तीव्र ॲलर्जी आलेली असेल, तर गोष्ट निराळी.

आणि एक ताजी अफवा. आधी चार विषाणूंची लस मिळायची, आता तीनची येते. ‘खर्च वाचवायला एक कमी केला’, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. खरं कारण असं, की बी गटातला यामागाता हा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीशीरपणे सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तो लशीतून वगळायला सांगितलं. दर फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात तज्ज्ञ बसून पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात, दरवर्षी नवी लस घ्यावी लागते तीही त्यामुळेच आणि जुन्या लशीचा असर ओसरतो म्हणून. ही माहिती संसर्ग नियंत्रण समितीकडे नक्कीच आहे. ती वॉर्डातल्या कुणाला सांगितली गेली?

चौथी तक्रार रजेची. आम्ही तापात कामावर येतो, कारण न येणाऱ्याची जागा भरायला कुणी नसतं आणि इन्चार्जचा फोन येतो, “थोडं बरं वाटत असेल तर ये ना.” मीही इन्चार्ज असताना असे फोन केले आहेत, हे इथे लिहून ठेवते. कंत्राटी मावशींची तर दिवसाची मजुरीच जाते. लशीची मोहीम कितीही चांगली घेतलीत तरी जोवर तापाच्या माणसाला घरी राहणं परवडत नाही, तोवर विषाणू ड्यूटीवर येतच राहणार.

पाचवी तक्रार एका ओळीची आहे. गेल्या वर्षी मी विभागप्रमुखांपैकी एकालाही त्या रांगेत पाहिलं नाही.

आता एक भीती बोलून दाखवते. हे पत्र वाचून कुणाला वाटेल, एवढं आहे तर सक्तीच करून टाकू. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ च्या हंगामापासून ही लस नोकरीची अट केली आणि पहिल्याच वर्षी ९७ टक्क्यांच्या वर मजल मारली. सक्तीने आकडा वाढतो, यात शंका नाही. पण कॅनडात, ओंटारिओमध्ये, ‘लस घ्या नाहीतर हंगामभर मास्क लावा’ या नियमाविरुद्ध परिचारिकांची संघटना लवादापुढे गेली आणि २०१५ व २०१८ मध्ये दोन्ही वेळा निकाल संघटनेच्या बाजूने लागला. माझं स्वतःचं मत असं आहे की रुग्णाजवळ काम करणाऱ्याने ही लस घ्यायलाच हवी, ते आमचं कर्तव्य आहे. मात्र ज्यांनी २ ते ४ ची वेळ ठेवली आणि मावशींना दारातून परत पाठवलं, त्यांना आज सक्ती करण्याचा अधिकार पोचत नाही. आधी लस हाताशी आणा. एक पूर्ण हंगाम नीट मोहीम घ्या. त्यानंतरही जे उरतील त्यांच्याबद्दल आपण समोरासमोर बसून बोलू, आणि तेव्हा मी कदाचित आपल्या बाजूने बोलेन.

मागण्या स्पष्ट लिहिते, म्हणजे बैठकीच्या कार्यवृत्तात जशाच्या तशा घेता येतील.

परिपत्रक मागे घ्यावं. नुसतं वेळ बदलून नवीन काढू नये.

लस प्रत्येक विभागात, तिन्ही पाळ्यांत, कामाच्या वेळेत आणि विनामूल्य द्यावी. लागणारं सामान फार नाही. २ ते ८ अंशांत राहणारी एक थंड पेटी, सिरिंज, सुईकचऱ्याचा डबा, ॲलर्जीची प्रतिक्रिया आलीच तर लागणारं ॲड्रेनलिन, नोंदवही आणि ढकलायला एक ट्रॉली. लहान मुलांच्या लशी अशाच पेट्यांतून डोंगर चढून नेल्या जातात. आपल्याला फक्त पाच मजले चढायचे आहेत, आणि आपल्याकडे लिफ्ट आहे.

प्रत्येक विभागातल्या दोघींना लस टोचण्याची आणि शंकांना उत्तरं देण्याची जबाबदारी द्यावी. बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा शेजारी काम करणारीचं माणूस जास्त ऐकतं, आणि खरी भीतीही तिलाच सांगतं. त्यांना त्यासाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि ड्यूटीतला वेळ मिळावा.

इमारतीत काम करणारी प्रत्येक व्यक्ती यादीत असावी, कंत्राटी आणि विद्यार्थी धरून. पुढच्या कंत्राटाच्या अटींतच ते लिहून घ्यावं.

लशीनंतर अंग दुखलं तर एक दिवस, आणि ताप-खोकला असताना डॉक्टर सांगतील तितके दिवस, पगार न कापता रजा मिळावी. एका विभागातल्या सगळ्यांना एकाच दिवशी टोचू नये, दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावं, म्हणजे रोस्टर कोलमडणार नाही.

ज्यांना लस नको आहे त्यांना कारण विचारावं, ते लिहून घ्यावं आणि वाचावं. सही घेऊन फाइल बंद करण्यासाठी नव्हे. दहा जणींनी एकच कारण लिहिलं असेल तर पुढच्या आठवड्यात त्या एका गोष्टीवर कुणीतरी वॉर्डात येऊन बोलावं.

हात धुण्याचे विभागवार आकडे आपण दर महिन्याला फलकावर लावता. त्याच फलकावर लशीचे विभागवार आकडेही लावावेत, फक्त टक्केवारी, कुणाचंही नाव न घालता. त्यात व्यवस्थापनाचा विभागही असावा.

लस किती मागवायची ते गेल्या वर्षीच्या खपावरून ठरवू नका, माणसांच्या संख्येवरून ठरवा. गेल्या वर्षी खप कमी झाला कारण दुसऱ्याच दिवशी साठा संपला होता.

हंगाम सुरू व्हायला अजून अवधी आहे, पण फार नाही. लशीचा परिणाम यायला लागणारे दोन आठवडे त्यातून वजा करा, म्हणजे किती दिवस हातात आहेत ते कळेल. महिनाअखेर समितीची बैठक आहे, असं ऐकते. त्या बैठकीला परिचारिकांमधली एक आणि कंत्राटी कामगारांमधली एक व्यक्ती बोलवावी, ही शेवटची मागणी. मला बोलावलंत तर मी येईन. दुसरी कुणी आली तरी माझी हरकत नाही.

पुढचे दोन आठवडे माझी रात्रपाळी आहे. रात्री एक ते तीन जरा निवांत असतं. डायलिसिसचे तातडीचे रुग्ण नसतील तर आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना लस टोचायला मी तयार आहे. परवानगी आणि थंड पेटी, एवढंच पाठवा. मावशींना मी सांगून ठेवलं आहे. त्या पहिल्या असतील.

आपली विश्वासू,
डायलिसिस विभागातली एक परिचारिका